जगभरच्या युद्धांत त्याच दोन-तीन हेवी मशीनगन का दिसतात?

प्रश्न – दप्तरी

नमस्कार. लिबिया, येमेन, सीरिया, सुदान आणि आता युक्रेन येथील युद्धांची छायाचित्रे मी बरीच वर्षे लक्ष देऊन पाहत आलो आहे. देश वेगळे, लढणारे वेगळे, त्यांची कारणेही वेगळी. पण पिकअप गाडीच्या हौद्यात, रणगाड्याच्या बुरुजावर किंवा वाळूच्या पोत्यांमागे जी हेवी मशीनगन दिसते, ती बहुतेक वेळा दोन घराण्यांपैकी एकाची असते. एक अमेरिकेची ब्राउनिंग एम-2 आणि दुसरी सोव्हिएत डीएसएचके किंवा तिची चिनी नक्कल. पहिलीची मूळ कल्पना 1918 सालची आहे आणि दुसरी 1939 मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झाली.

कलाश्निकोव्ह रायफल जगभर का पसरली, हे समजणे त्या मानाने सोपे आहे. ती हलकी व स्वस्त आहे आणि कोणालाही थोड्या वेळात शिकवता येते. हेवी मशीनगनला यातले काहीच लागू पडत नाही. नुसती गनच 34 ते 38 किलो भरते, ती बसवायला जड तिपाई किंवा वाहन लागते आणि तिची काडतुसे महाग व वजनदार असतात. मग ही शस्त्रे इतकी सर्वदूर पोहोचली कशी? ती आपल्या वर्गात सर्वोत्तम होती, एवढेच कारण पुरेसे आहे का? तसे असेल, तर फ्रान्स, ब्रिटन, इटली व जपान यांनीही 1930 च्या दशकात अशा गन बनवल्या होत्या, त्या आज कोठेच का आढळत नाहीत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर – यंत्रशाळा

आपला प्रश्न चांगला आहे. मी आयुष्यभर यंत्रांच्या जुळणीचे काम केले असल्यामुळे त्याच्या यांत्रिक बाजूबद्दल लिहितो.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. पहिल्या महायुद्धात 'हेवी' म्हणजे मॅक्झिम किंवा व्हिकर्ससारखी, पाण्याने थंड होणारी आणि जड बैठकीवरची मशीनगन. तिचे काडतूस मात्र रायफलचेच असे. आज आपण हेवी म्हणतो, ती साधारण अर्ध्या इंचाच्या किंवा त्याहून मोठ्या गोळीची गन. हा बदल 1917-18 मध्ये घडला, कारण पोलादी चिलखत घातलेली जर्मन विमाने आणि रणगाडे यांच्यापुढे रायफलची गोळी निष्प्रभ ठरू लागली होती. अमेरिकेच्या जनरल पर्शिंग यांनी मोठ्या गोळीची मागणी केली, तेव्हा शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी स्वतःचीच 1917 ची रायफल-काडतुसाची मशीनगन मोठ्या मापात घडवली. विंचेस्टर कंपनीत काडतूसही त्याच रीतीने वाढवण्यात आले आणि हाती लागलेल्या जर्मन रणगाडाभेदी रायफलच्या 13.2 मिलिमीटर काडतुसाचा अभ्यास त्या कामी उपयोगी पडला. त्यातून आजचे 12.7 × 99 मिलिमीटरचे काडतूस जन्माला आले (पहिला आकडा गोळीच्या मापाचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा).

ब्राउनिंग 1926 मध्ये बेल्जियममधील लिएज येथे वारले. माझ्या मते या गनच्या प्रसारातील सर्वांत महत्त्वाचे काम त्यानंतर झाले आणि ते सॅम्युएल ग्रीन यांनी केले. त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. 1927 ते 1932 या काळात त्यांनी गनचा मधला सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, अशा रीतीने बदलला की त्यात काडतुसांचा पट्टा डावीकडून किंवा उजवीकडून, कसाही भरता यावा आणि त्याच सांगाड्याला गरजेप्रमाणे वेगवेगळी नळी लावता यावी. पाण्याचे वेष्टण असलेली नळी लावली की ती विमानविरोधी गन झाली, हलकी नळी लावली की विमानात बसवायची गन झाली आणि जाड, हवेने थंड होणारी नळी लावली की रणगाड्यावर किंवा तिपाईवर ठेवायची गन झाली. 1933 मध्ये स्वीकारलेली एम-2 ती हीच.

याचा परिणाम कारखान्यात काम केलेल्या माणसाला लगेच जाणवेल. एकाच सांगाड्यासाठी लागणारी मापे, गेज (माप तपासायची साधने) आणि जिग (भाग धरून ठेवायचे साचे) सर्व प्रकारांना चालत असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात फ्रिज बनवणारी फ्रिजिडेअर आणि स्पार्क प्लग बनवणारी एसी स्पार्क प्लग यांच्यासारख्या, शस्त्रांशी संबंध नसलेल्या कारखान्यांनाही हे काम देता आले. सर्व प्रकार मिळून त्या युद्धात जवळपास 20 लाख गन तयार झाल्या. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला नाही, तर पुढचे काहीच उलगडत नाही.

गन निर्दोष मात्र नव्हती. नळी बदलल्यावर काडतुसाच्या बुडाशी राहणारे अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते गेज लावून हाताने जुळवावे लागे आणि त्यात चूक झाली तर काडतूस आतच फुटून गनरला इजा होण्याची भीती असे. हा दोष सैन्याने अनेक दशके चालवून घेतला आणि झटपट नळी बदलता येणारी एम-2-ए-1 ही आवृत्ती 2010 नंतरच अमेरिकी सैन्याच्या हाती पडू लागली.

डीएसएचकेची गोष्टही पुरवठ्याच्या यंत्रणेची आहे. सोव्हिएत रचनाकार देग्त्यार्योव्ह यांच्या पहिल्या गनला 30 काडतुसांची जड पेटी लावावी लागे आणि पेट्या बदलण्यातच वेळ जाई. दुसरे रचनाकार श्पागिन यांनी 1938 मध्ये तिला पट्ट्यावरून काडतुसे घेणारी फिरती यंत्रणा बसवली, म्हणून नावात दोघांची आद्याक्षरे आली. शेवटचे अक्षर 'मोठ्या मापाची' या अर्थाच्या रशियन शब्दाचे आहे. फ्रान्सची 13.2 मिलिमीटर हॉचकिस गन शेवटपर्यंत 30 काडतुसांच्या पेटीवरच राहिली. माझ्या दृष्टीने तिच्या मागे पडण्याचे कारण यातच आहे.

उत्तर – चिलखती (निवृत्त)

यंत्रशाळा यांनी लिहिलेले सर्व मान्य आहे. मी चिलखती दलात सेवा केली असल्यामुळे एक गोष्ट जोडतो, जी बाहेरून सहसा लक्षात येत नाही. या गन स्वतंत्रपणे विकत घेतल्या गेल्या, असे फार थोड्या वेळा घडले. त्या रणगाड्यांबरोबर आल्या.

ज्या देशाने अमेरिकेचा शर्मन किंवा पॅटन रणगाडा घेतला, त्याच्याकडे बुरुजावरची एम-2 आपोआप आली, आणि तिच्याबरोबर सुटे भाग, प्रशिक्षण व काडतुसांचा पुरवठाही आला. ज्याने सोव्हिएत टी-54 घेतला, त्याच्याकडे डीएसएचकेची सुधारित डीएसएचकेएम ही आवृत्ती आली. टी-55 निघाला तेव्हा ही गन आधी काढून टाकण्यात आली होती, कारण जेट विमानांपुढे तिचा उपयोग नाही असे सोव्हिएत सेनाधिकाऱ्यांचे मत झाले होते. पुढे हेलिकॉप्टर रणांगणावर आले आणि 1970 च्या सुमारास तीच गन पुन्हा टी-55 वर चढली. टी-54 आणि टी-55 हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेल्या रणगाड्यांपैकी आहेत, त्यामुळे ते जिथे जिथे गेले, तिथे 12.7 × 108 हे सोव्हिएत काडतूसही पोहोचले.

आता रणगाडा निकामी झाल्यावर काय होते, ते पाहा. इंजिन जळते, चाकांवरचा साखळीपट्टा तुटतो, मुख्य तोफेचे गोळे संपतात, आणि असा रणगाडा हलवणे कोणाही टोळीच्या आवाक्यातले नसते. पण बुरुजावरची गन खिळे काढून खाली घ्यायला दोन-तीन माणसे पुरतात. आम्ही टी-72 वरची एनएसव्ही, म्हणजे डीएसएचकेनंतरची सोव्हिएत हेवी मशीनगन, देखभालीसाठी उतरवत असू. ती डीएसएचकेपेक्षा बरीच हलकी, सुमारे 25 किलोची आहे, आणि सवय असलेल्या जोडीला ते काम अवघड वाटत नसे. अशी उतरवलेली गन पिकअपच्या हौद्यात जोडलेल्या पाइपच्या खांबावर बसवली की, आपण छायाचित्रात पाहता ते वाहन तयार होते. सोमालियात अशा वाहनाला 'टेक्निकल' म्हणू लागले आणि तो शब्द पुढे जगभर रुळला. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण ज्या लोकांना सैन्याच्या भांडारातून काही मिळत नाही, त्यांच्यापर्यंत हे शस्त्र पोहोचते, ते मोडक्या रणगाड्यांच्या वाटेने.

दुसरे कारण उपयोगाचे आहे. 12.7 ची गोळी विटांची भिंत, मातीचा पातळ बांध आणि हलक्या चिलखती गाडीची बाजू भेदते, दीड-दोन किलोमीटरवर परिणाम साधते आणि कमी उंचीवरच्या हेलिकॉप्टरलाही धोका निर्माण करते. एवढ्या पल्ल्यावर एवढ्या प्रकारची कामे करणारे आणि तरीही माणसांना उचलता येणारे दुसरे शस्त्र नाही. डोंगराळ प्रदेशात याचे मोल अधिक असते. उंचावरच्या मोर्चातून एक गन अख्खी चढण रोखून धरू शकते, हे आपल्या सैन्याने 1999 मध्ये कारगिलच्या शिखरांवर मोठी किंमत मोजून अनुभवले. त्या चढाया ज्यांनी केल्या, त्यांच्याविषयी लिहिताना आजही हात थबकतो.

उत्तर – सनावळी

चिलखती यांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. यंत्रशाळा यांच्या एका निष्कर्षाशी मात्र मी आदरपूर्वक असहमत आहे. हॉचकिस पेटीमुळे मागे पडली, असे म्हणता येणार नाही. 1930 च्या दशकात ती या वर्गातील सर्वाधिक मागणी असलेल्या गनपैकी एक होती. इटलीची ब्रेडा तिच्याच आधाराने बनली, जपानने परवाना घेऊन टाइप 93 बनवली, आणि रोमानिया, ग्रीस, चीन अशा देशांनी ती विकत घेतली. 1938 साली कोणी विचारले असते की पुढच्या पन्नास वर्षांत जगभर कोणती हेवी मशीनगन दिसेल, तर पुष्कळ अधिकाऱ्यांनी हॉचकिसचेच नाव घेतले असते.

जून 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि पुरवठा थांबला. 1945 पर्यंत इटली आणि जपानही पराभूत झाले आणि त्यांची शस्त्रनिर्मिती बंद पडली. म्हणजे 13.2 मिलिमीटर काडतूस बनवणारे घराणेच कोसळले. काडतूस बनवणारा उरला नाही की गन कितीही चांगली असली तरी ती शोभेची वस्तू होते. ब्रिटनच्या अर्धा इंची व्हिकर्सचे काडतूस अमेरिकेच्या काडतुसापेक्षा कमी ताकदीचे होते. ती युद्धनौकांवर व हलक्या रणगाड्यांवर वापरली गेली, पण नौकांवर तिची जागा 20 मिलिमीटर ऑर्लिकोन तोफेने घेतली आणि नंतर ब्रिटिश सैन्यही ब्राउनिंगकडे वळले. जर्मनीने तर पायदळासाठी अशी गन फारशी केलीच नाही. रायफल-काडतुसाची एमजी-34 व 42 आणि त्याहून मोठ्या मापात थेट 20 मिलिमीटरची तोफ, अशी त्यांची रचना होती. रिंगणात शेवटी उरल्या त्या युद्ध जिंकलेल्या दोन महासत्तांच्या गन.

या दोघांनी त्या कशा वाटल्या, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेची वाटणी युद्ध चालू असतानाच सुरू झाली होती. मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री पुरवण्याच्या लेंड-लीज योजनेखाली सोव्हिएत सैन्यालाही शर्मन रणगाडे आणि चार-चार एम-2 बसवलेल्या विमानविरोधी गाड्या मिळाल्या होत्या. युद्धानंतर गोदामांत लाखो गन शिल्लक होत्या, आणि मित्रदेशांना लष्करी मदत देताना नव्याने काही बनवण्याची गरज नव्हती. 1954 च्या करारानंतर पाकिस्तानला मिळालेल्या पॅटन रणगाड्यांबरोबर एम-2 याच वाटेने आपल्या शेजारी आली. सोव्हिएत संघाने इजिप्त, सीरिया, इराक, लिबिया, व्हिएतनाम, अंगोला, इथिओपिया असे देश सज्ज केले. चीनने टाइप 54 या नावाने डीएसएचकेएमची नक्कल काढली आणि पुढे पाकिस्तानच्या सरकारी कारखान्यातही ती बनू लागली. रोमानिया, चेकोस्लोव्हाकिया आणि इराण येथेही तिची निर्मिती झाली. एका गनला इतक्या देशांत कारखाने मिळाले, म्हणजे एका देशाने पुरवठा बंद केला तरी ती मरत नाही.

अफगाणिस्तानचा दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. 1979 नंतर मुजाहिदीनांना शस्त्रे देताना पुरवठा कोण करतो हे उघड होऊ नये, अशी अमेरिकेची इच्छा होती. म्हणून जी शस्त्रे शत्रूकडून हिसकावलेली म्हणून खपू शकतील, अशी सोव्हिएत पद्धतीची शस्त्रे चीन आणि इजिप्त यांच्याकडून विकत घेऊन पाकिस्तानमार्गे पाठवण्यात आली. सोव्हिएत हेलिकॉप्टरांवर सोव्हिएत आराखड्याच्याच गन चालवल्या गेल्या, त्या बऱ्याच अंशी चिनी कारखान्यांतून आलेल्या होत्या आणि त्यांचे पैसे वॉशिंग्टन व रियाधमधून आले होते. त्या देशात ही गन अजूनही 'दाशाका' या नावाने ओळखली जाते. लिबियाकडून आयरिश बंडखोरांना 1980 च्या दशकात मिळालेल्या शस्त्रांतही डीएसएचके होत्या आणि 1988 मध्ये उत्तर आयर्लंडमधील आर्माच्या सीमाभागात एक ब्रिटिश हेलिकॉप्टर त्यांच्या माऱ्याने खाली उतरले. सर्वोत्तम म्हणून त्यांनी ती निवडली नव्हती. देणाऱ्याच्या गोदामात जे होते, ते त्यांना मिळाले.

दप्तरी

तिघांचेही मनापासून आभार. माझी समजूत बरीच बदलली आहे. मी शस्त्राच्या गुणांकडे पाहत होतो आणि खरे उत्तर काडतुसे, रणगाडे आणि गोदामे यांत होते. एक शंका मात्र उरते. शीतयुद्ध संपून तीन दशकांहून अधिक काळ लोटला. हलके धातू आले, अचूक यंत्रे आली. तरीही या गनना बाजूला सारणारे नवे काही का आले नाही?

उत्तर – यंत्रशाळा

प्रयत्न झाले आणि त्यांतील काही शिकण्यासारखे आहेत. आधी हॉचकिसबद्दल सनावळी यांचे म्हणणे मी मान्य करतो. पेटी हा दोष होता, पण तेवढ्याने घराणे बुडाले नसते.

अमेरिकेने एम-60 रणगाड्यासाठी एम-85 नावाची आखूड गन बनवली. काडतूस तेच ठेवले, पण पट्ट्यातील कड्या वेगळ्या घेतल्या. त्यामुळे एम-2 साठी आलेले पट्टे तिला चालत नसत आणि तिचे पट्टे एम-2 ला. गोळी एक असूनही दारूगोळ्याच्या दोन वेगळ्या साखळ्या सांभाळाव्या लागल्या, शिवाय गन वारंवार अडकत असे. पुढच्या एम-1 रणगाड्याच्या कमांडरसाठी पुन्हा एम-2 च आली. त्यानंतर हलक्या गनचे आणखी दोन प्रकल्प निघाले आणि तेही सोडून द्यावे लागले. दुसरीकडे, ॲनिस्टन येथील लष्करी दुरुस्ती आगारात 324 या अनुक्रमांकाची एक गन दुरुस्तीसाठी आली, तेव्हा ती नव्वद वर्षांच्या सेवेनंतरही मापात बसत होती. नळी, बोल्ट, स्प्रिंग सगळे बदलता येते. सांगाडा टिकला की गन टिकते. अशा गनशी स्पर्धा करायची, तर थोडी सरस असून भागत नाही, कारण गोदामातल्या जुन्या गनची किंमत केव्हाच चुकती झालेली असते.

सोव्हिएत बाजूला बदल झाला, पण काडतूस त्यांनीही सोडले नाही. 1970 च्या दशकात आलेली एनएसव्ही डीएसएचकेचेच 12.7 × 108 काडतूस वापरते, म्हणून जुना साठा वाया गेला नाही. तिचा मुख्य कारखाना उराल्स्क येथे होता. 1991 मध्ये संघ फुटला, तेव्हा तो कझाकस्तानच्या हद्दीत राहिला आणि रशियाला कोव्रोव्ह येथे कोर्ड ही नवी गन बनवावी लागली. तिचेही काडतूस तेच.

उत्तर – चिलखती (निवृत्त)

यंत्रशाळा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला आपल्याकडची जोड देतो. एनएसव्हीचा परवाना भारतानेही घेतला होता आणि आपल्या टी-72 व टी-90 रणगाड्यांवरची ही गन तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत बनते. त्याच कारखान्यातून 2021 मध्ये नौदल आणि तटरक्षक दल यांच्यासाठी इस्रायली तंत्रज्ञानाची दूरनियंत्रित गन-यंत्रणा बाहेर पडली. तिच्यावर बसवलेली गन एम-2 आहे आणि ती नाटोचे 12.7 × 99 काडतूस घेते. विजयंता रणगाड्यात मुख्य तोफेचा पल्ला अजमावण्यासाठी 12.7 ची गन होती, ती याच ब्राउनिंग घराण्यातली. दोन्ही काडतुसांच्या गोळीचे माप सारखेच वाटते, पण पुंगळीची लांबी वेगळी असल्यामुळे एकाचे काडतूस दुसरीत चालत नाही. म्हणून ज्या सैन्याकडे दोन्ही आहेत, त्याच्या भांडारात पेट्यांवरची खूण वाचल्याशिवाय पट्टा बाहेर काढत नाहीत.